अडखळणारी ताई

काकांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पडद्यावर ताई खुर्चीत सावरून बसली, चष्मा सारखा करायला तिने हात उचलला आणि हात अर्ध्या वाटेवर असतानाच थिजली. आवाज मात्र चालूच राहिला. "इकडे सगळं ठीक आहे, डॉक्टर चांगले आहेत, खोलीत ऊन येतं..." मग कुणी चिमटा काढावा तसं चित्र दचकून जागं झालं. चष्मा सारखा झालेला होता, हात मांडीवर येऊन पडलेला होता. मधल्या मधे काय घडलं ते त्या हातालाच ठाऊक.

"थांबवा," काकू म्हणाल्या. "माझे डोळे फुटायची वेळ आली."

काकांनी थांबवला. टेबलाखालच्या डब्यातला पंखा तरीही धापा टाकत राहिला, जिना चढून आलेल्या जाड माणसासारखा.

काकूंना ऐकू येत नव्हतं. शाळेत असताना ताप डोक्यात गेला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून त्या माणसांचे ओठ वाचायच्या. काकांशी लग्न ठरलं तेव्हा ताईने, म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीने, एकच अट घातली होती. "मुलगा बरा आहे, पण मिशी काढायला सांगा. माझ्या बहिणीला केसांतून वाचता येत नाही." काकांनी मिशी काढली ती काढलीच. थंडीत वरचा ओठ उघड्यावर पडल्यासारखा वाटायचा, एवढं सोडलं तर त्यांची काही तक्रार नव्हती.

तीच ताई आता दूरच्या शहरात इस्पितळात पडून होती. जबड्यात गाठ निघाली होती. येत्या आठवड्यात ऑपरेशन होतं. जबड्याचा एक तुकडा आणि खालच्या ओठाचा काही भाग काढावा लागणार होता. नंतर बोलता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जरा बोबडं येईल, पण ऐकणाऱ्याला समजेल. ऐकणाऱ्याला! काकूंनी तो निरोप वाचला तेव्हा त्या हातातलं रफूचं काम बाजूला ठेवून खिडकीपाशी जाऊन बसल्या, आणि जेवायला बोलवायला काका गेले, खांद्याला हात लावला, तरी वळून बघेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जे ओठ वाचले ते ताईचे. बाकी सगळ्यांचे त्यावरून शिकल्या.

प्रश्न एवढाच होता, की ऑपरेशनच्या आधी ताईला भेटायला जावं की नाही. बसचा दिवसभराचा प्रवास. काकूंचा खुबा गेल्या वर्षी मोडून जोडलेला. अर्धा तास बसलं की उठताना भिंतीचा आधार लागायचा. काका म्हणाले, आपण कशाला डोकं शिणवायचं, ताईलाच विचारू, ती म्हणेल तसं. त्यावर ताईच्या मुलाने हा व्हिडिओ काढून इंटरनेटवर चढवला आणि लिंक पाठवली. खाली एक ओळ: 'मावशी, आईचा निरोप आहे. तिचं ऐक.'

"ऐक म्हणे," काकू म्हणाल्या होत्या. "कान कुणाचे आणू?"

काकूंच्या छोट्या फोनवर ताईचं तोंड मोहरीएवढं दिसायचं. मग उरला घरातला कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर काकांच्या कार्यालयाने मोडीत काढला तेव्हा काकांनी घरी आणला होता. काका शहराच्या बससेवेत, वेळापत्रक विभागात होते. कुठली बस कुठून किती वाजता सुटेल हे ठरवण्यात उभी नोकरी गेली, म्हणून शेजारीपाजारी त्यांना वेळापत्रककाका म्हणत, आणि ताई नुसतंच 'टाइमटेबल' म्हणायची. जुन्या यंत्रावर नवीन काही चालेना, तेव्हा काकांनी पुस्तकं वाचून, चुकत, पुन्हा चुकत, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं. सगळं मोफत, सगळं आपल्या हातातलं. त्या वेळी त्यांना फार बरं वाटलं होतं. आपल्या हातातलं म्हणजे बिघडल्यावरही आपल्याच गळ्यात, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

व्हिडिओ अडखळायला लागला तेव्हा पहिल्या दिवशी काकांनी सोपा मार्ग काढला. ते दिव्याखाली खुर्ची ओढून बसले, व्हिडिओ ऐकायचा, थांबवायचा, आणि काकूंकडे तोंड करून तेच वाक्य आपल्या ओठांनी सांगायचं.

"सगळं ठीक आहे म्हणते. खोलीत ऊन येतं म्हणते. येऊ नकोस म्हणते, तुला प्रवास झेपायचा नाही."

"आणखी?"

"तुझ्या खुब्याची चौकशी केलीय. मुलगा, सून सगळं बघतात म्हणाली. मधे मधे थांबते ती."

"थांबते म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाही. आवाजच येत नाही थोडा वेळ. दम लागत असेल गं."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की काकांना आपल्या बिनमिशीच्या ओठाला काही लागलंय की काय असं वाटलं.

"तुम्हाला किती नावं ठेवली?"

"मला? काही नाही."

"ताई एवढा वेळ बोलली, आणि तुम्हाला एक टोमणा नाही? म्हणजे तुम्ही गाळलंत."

काका ओशाळले. गाळलं होतं. 'टाइमटेबलला सांग, माझं ऑपरेशन वेळेवर आहे, त्याच्या बससारखं नाही,' असं ताई म्हणाली होती. आजारी बाईचा विनोद आपल्या तोंडून कसा सांगायचा, म्हणून त्यांनी सोडून दिला होता.

"एवढंच गाळलं, देवाशपथ."

"तुम्ही एवढंच गाळलंत," काकू म्हणाल्या. "बाकीचं तुमच्या कानाने गाळलं. ताई थांबत नसते. झोपेत बोलते ती. ती माझ्याशी बोलतेय."

मग काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

या दोघी बहिणींची एक सवय होती. लहानपणी त्यांचे वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे आणि घरात चकार शब्द काढायची सोय नव्हती. काकूंचे कान गेल्यावर ताईच्या लक्षात आलं की आता आवाजाची गरजच काय? नुसते ओठ हलवले तरी धाकटीला कळतं. तेव्हापासून दोघी बिनआवाजाचं बोलायला लागल्या. बाप झोपलेला असताना, वर्गात बाई फळ्याकडे वळल्या असताना, पुढे लग्नाकार्यात पाहुण्यांच्या नाकावर टिच्चून. ताई चारचौघांत एक मोठ्याने बोलायची आणि लगेच, त्याच चेहऱ्याने, दुसरंच काहीतरी नुसत्या ओठांनी. मोठ्याने, "वा, काय सुंदर साडी आहे!" आणि मुक्याने असं काही, की काकू खोकल्याचं सोंग आणून तोंड लपवायच्या.

काकांना हे माहीत होतं, पण शेजारच्या स्वयंपाकघरातला वास यावा इतपतच. काहीतरी शिजतंय हे कळायचं, काय ते कळायचं नाही. इतकी वर्षं बायकोने त्यांचे ओठ वाचले. त्यांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. कधी गरजच पडली नाही. ऐकू येणाऱ्या माणसाचं हे असं असतं.

"मुलगा समोर फोन धरून उभा," काकू म्हणाल्या. "त्याच्यादेखत जे बोलायचं नाही ते ती मला सांगतेय. आणि तुमचं यंत्र नेमकं तेच खातंय."

आता काकांनी भाच्याला फोन लावला. भाचा कामाच्या घाईत होता.

"काका, तो व्हिडिओ मूळचा आता माझ्याकडे नाही हो. फोनमधली जागा संपली होती, चढवला आणि पुसला. लिंकवर चालतोय ना? माझ्याकडे तर लोण्यासारखा चालतो."

"आमच्याकडे अडखळतो."

"तुमच्या त्या डबड्यावर? काका, किती वेळा सांगितलं, नवीन घ्या म्हणून."

"आईला पुन्हा एकदा बोलायला लावता येईल का? समोरासमोर, फोनवर?"

"आता नाही जमायचं," भाच्याचा आवाज उतरला. "कालपासून औषधाने गुंगीत असते. डॉक्टरांनी बोलायलाही मनाई केलीय, दुखतं फार. आणि काका, मावशीला सांगा, उगाच येऊ नका. आईने सांगितलंच आहे. इथे आम्ही आहोत. तिथून मावशीला त्रास, इथे आईला तिची काळजी."

वाईट मुलगा नव्हता. दमलेला होता. काकांनी फोन ठेवला आणि काकूंना जसंच्या तसं सांगितलं, या वेळी काहीही न गाळता.

"डबडं म्हणाला?" काकूंनी विचारलं.

"हो."

"तेवढं खरं बोलला."

आजचा दिवस काकांनी सकाळपासून त्या डबड्यासमोर काढला. आधी वाटलं, इंटरनेट मंद असेल. पण व्हिडिओखालची करडी पट्टी झरझर पुढे पळत होती. सगळा माल येऊन पडलेला होता, उचलणारा हमालच दमलेला. त्यांनी यंत्राचं काम दाखवणारी खिडकी उघडली. प्रोसेसर शेवटच्या टोकाला भिडलेला, एक रेघ वर जायला जागा नाही. म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम जे ग्राफिक्स कार्डाने करायचं ते बिचारा प्रोसेसर एकटा ओढत होता.

लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर काकांनी आपली अडचण मांडली. मांडताना चारदा लिहिलं आणि खोडलं. आपण फार बावळट प्रश्न विचारतोय असं प्रत्येक वेळी वाटलं. 'जुनाट घोडा' असं टोपणनाव घेतलेल्या एका भल्या माणसाने उत्तर दिलं, ब्राउझरमध्ये हार्डवेअरची, म्हणजे त्या कार्डाची, मदत बंद असेल, चालू करा. ती बंदच निघाली. आणि बंद कुणी केली होती? काकांनीच. मागे कधीतरी पडदा लुकलुकायचा म्हणून. चालू केली, तर पडदा लुकलुकला आणि व्हिडिओ तसाच अडखळला, म्हणजे आधी एक दुखणं होतं, आता दोन.

मग त्याने सांगितलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, घातला. यंत्र बंद करून चालू केलं तर समोर काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ मिचमिचतेय. व्हिडिओ तर सोडाच, आता ताईचा थिजलेला चेहराही गेला! जुन्या पुस्तकात पाहून, एकेक अक्षर बोटाने चाचपत त्यांनी आज्ञा टाइप केल्या आणि ड्रायव्हर काढून टाकला. पडदा परत आला तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि कपाळ पुसलं.

काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "जिवंत आहे?"

"आहे."

"तुम्ही?"

"मीही आहे, असं वाटतं."

व्हिडिओ खालच्या दर्जाने लावून पाहिला. चालला! एकदाही न थांबता चालला. पण ताईचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा झाला. ओठ कुठे संपतात आणि हनुवटी कुठे सुरू होते काही कळेना. काकू पडद्याला नाक लावून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ही कुणीही असू शकते. तुम्हीसुद्धा."

घोड्याचं शेवटचं उत्तर दुपारी आलं. हा व्हिडिओ ज्या नव्या पद्धतीने बांधलाय ती पद्धत तुमच्या कार्डाला येतच नाही, कार्ड तिच्याआधी जन्मलेलं आहे. व्हिडिओ जुन्या पद्धतीचा मिळाला तर बघा, नाहीतर वाईट वाटून घेऊ नका, नवीन मशीन घ्या. काकांनी त्याचे आभार मानले. जुन्या पद्धतीचा व्हिडिओ मिळतो का ते पाहिलं. नव्हता मिळत. नवीन यंत्र मागवलं असतं तर येईतो ऑपरेशन होऊन गेलं असतं, आणि ज्यासाठी यंत्र हवं तो निर्णयच उरला नसता.

ते आता काही न करता नुसते बसून राहिले. कमरेत चमक भरली होती. पंखा धापा टाकत होता. बाहेर गल्लीत कुणीतरी लोखंडी शटर ओढलं, त्याचा कर्रकर्र आवाज झाला. काकू खिडकीच्या उजेडात कुणाच्या तरी कोटाच्या कोपराला रफू करत होत्या, एकेक धागा भोकाच्या या काठावरून त्या काठावर नेत. ताईचं काय ते कळेपर्यंत हाताला काम हवं, म्हणाल्या होत्या.

सहज चाळा म्हणून काकांनी व्हिडिओवर उजवं बटण दाबून आकडेवारीची चौकट उघडली. एक ओळ होती: गळलेल्या फ्रेम. व्हिडिओ चालू केला तसा तो आकडा टपाटपा वाढायला लागला. काका चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. आणि बऱ्याच वेळाने त्यांना स्वतःशीच हसू आलं. आनंदाचं हसू नव्हतं ते. जुना ओळखीचा माणूस नको त्या ठिकाणी भेटावा तसं.

काकूंनी मान वर केली. हसण्याचा आवाज त्यांना येत नसे, पण खांदे हलले की कळायचं. "काय झालं?"

"काही नाही. हे यंत्र आमच्याच खात्यात नोकरीला होतं की काय असं वाटलं."

"म्हणजे?"

काका खुर्ची फिरवून उजेडाकडे तोंड करून बसले, नेहमीसारखे.

"हे बघ. व्हिडिओ म्हणजे पुष्कळ चित्रं, एकामागून एक सुटलेल्या बसेससारखी. यंत्राला तेवढ्या वेगाने ती सोडता येत नाहीत. उशीर होत जातो. मग ते काय करतं, मधली चित्रं टाकूनच देतं आणि पुढचं दाखवतं. आम्हीही तेच करायचो. गर्दीत बस फार मागे पडली, की मधली फेरी रद्द करायची आणि पुढची वेळेवर सोडायची. म्हणजे कागदावर सगळं वेळेवर."

"आणि स्टॉपवरची माणसं?"

"ती उभी राहायची."

"शिव्या घालायची."

"घालायची. पण वेळापत्रक टिकायचं ना! एक गाडी उशिरा धावली की तिच्यामागची सगळी रांग बिघडते. इथेही तसंच. आवाज आपल्या वेळेने चाललेला असतो. चित्र मागे राहिलं तर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे होईल. म्हणून आवाज सांभाळायचा आणि चित्रं गाळायची. आवाज वेळेवर पोचला पाहिजे."

काकूंनी सुई कोटात टोचून ठेवली. "कुणासाठी?"

"म्हणजे?"

"आवाज वेळेवर कुणासाठी पोचला पाहिजे?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. काकूंना त्यावरून काही वाचता आलं नाही, कारण वाचण्यासारखं काही नव्हतंच.

"सकाळपासून," काका शेवटी म्हणाले, "सकाळपासून मी त्या आवाजाला धक्का लागू नये म्हणून धडपडतोय."

"मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

काका खुर्चीसकट वळले. व्हिडिओच्या कोपऱ्यात वेग बदलायची सोय होती. लोक तिथे जाऊन कंटाळवाणी भाषणं दुप्पट वेगाने उरकतात, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी उलट दिशेला, अर्ध्या वेगावर नेलं. फेरी एकही रद्द करायची नाही. सगळ्या सोडायच्या. उशिरा तर उशिरा. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल कनिष्ठांना झापलं ती आज ते स्वतः करत होते.

ताईने हात उचलला. हळूच, पाण्यातून उचलावा तसा. हात वर गेला, आणखी वर गेला, चष्म्याला लागला, चष्मा नाकावर सरकला, हात खाली यायला लागला आणि येत राहिला, अगदी मांडीवर विसावेपर्यंत. गळलेल्या फ्रेमचा आकडा जिथल्या तिथे उभा होता.

आवाज मात्र भयंकर झाला. ताईच्या नेहमीच्या चटपटीत बोलण्याचं विहिरीतल्या हुंकारासारखं काहीतरी होऊन बसलं. एकेक अक्षर फरफटत, रडल्यासारखं येत होतं. काकांना ते ऐकवेना. ऑपरेशननंतर ताईचं बोलणं खरोखरच असं होणार, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी आवाज पुरता बंद केला.

"बघ," त्यांनी काकूंना खुणावलं.

काकू आल्या, काकांनी खुर्ची दिली, भिंतीला हात लावून त्या बसल्या. काका मागे उभे राहिले.

"ही अशी काय बोलतेय?" काकू लगेच म्हणाल्या. "मी बहिरी आहे, मठ्ठ नाही!" मुद्दाम हळू, तोंड फाकवून बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या आयुष्यभर हेच सुनावत आल्या होत्या. पण चिडचिड बोलण्यातच राहिली. त्या पुढे झुकल्या. थोड्या वेळाने त्यांचे स्वतःचे ओठ हलायला लागले, ताईच्या मागोमाग, लहान मूल मोठ्याच्या मागे शब्द म्हणतं तसे.

काकांना फक्त ताईचा चेहरा दिसत होता. गेले काही दिवस तो त्यांनी तुकड्या तुकड्यांनी पाहिला होता, सलग आजच. एका गालाला सूज होती. बोलताना ती त्या बाजूने थोडी जपून बोलत होती. मग एका जागी, जिथे आवाज थांबल्याचं त्यांना पाठ होतं, तिथे ताईने क्षणभर कॅमेऱ्याच्या वर पाहिलं, बहुधा मुलाकडे, आणि नजर खाली आणून ओठ हलवायला सुरुवात केली. चेहरा तोच. जराही बदल नाही. म्हणून तर कुणाला कधी कळलं नाही! दम लागलेल्या बाईचा चेहरा असा नसतो, हे काकांना आत्ता कळत होतं. दम लागत असेल गं, असं आपण किती सहज म्हणालो होतो.

पुन्हा मोठ्याने काहीतरी. पुन्हा मुक्याने, या वेळी जास्त वेळ. काकूंचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी हात पुढे केला आणि पडद्यावर, ताईच्या सुजलेल्या गालापाशी, बोट टेकवलं. काकांना एरवी पडद्यावर बोटांचे डाग पडलेले खपत नसत.

व्हिडिओ संपला. काकूंनी मागे न वळता सांगितलं, "पुन्हा."

काकांनी पुन्हा लावला. या वेळी काकू एका ठिकाणी फसकन हसल्या आणि लगेच खोकल्याचं सोंग आणलं, जुन्या सवयीने. शेवटाकडे त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि घाईने परत डोळ्यांवर चढवला, काही निसटू नये म्हणून.

मग त्या भिंतीला धरून उठल्या. काका समोर येऊन, उजेडात उभे राहिले.

"काय म्हणाली?"

"येऊ नकोस म्हणाली. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"ते मोठ्याने. आणि मधे?"

काकूंनी आधी खिडकीतल्या कोटाची घडी घातली, सुई डबीत ठेवली, डबी बंद केली.

"मधे म्हणाली, ये. मुलगा दमलाय, त्याच्यादेखत बोलवत नाही, पण तू ये. ऑपरेशनला आत नेतील तेव्हा तोंडासमोर कुणीतरी हवं, ज्याला मी आवाज न काढता सांगू शकेन की मला भीती वाटते. नंतर हे तोंड तुला वाचता येईल की नाही कोण जाणे, म्हणाली. त्याआधी ये."

काकांनी काकूंच्या कमरेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझा खुबा."

"खुबा मी घेऊन जाईन. इथे ठेवून कसा जाईल?"

"भाचा चिडेल."

"चिडू दे. मला काय ऐकू येणार आहे?"

काकांनी कपाटावरची बॅग काढायला स्टूल आणलं. वरून धूळ त्यांच्या डोळ्यांत गेली. बॅग खाली देताना त्यांनी विचारलं, "सकाळच्या पहिल्या बसने? मधे एके ठिकाणी उतरून थोडं चालता येईल तुला, अशी गाडी बघतो. थेट गाडीत बसून बसून आखडशील."

"बघा. तेवढं एक तुम्हाला येतं."

काका परत टेबलाशी आले. पंखा आता जरा शांत झाला होता. बसच्या वेळांचं पान उघडायला घेतलं. तेही सावकाश, रडतरखडत उलगडायला लागलं. उलगडेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं भाग होतं. काकांचे खांदे दुखत होते.

मागे कपाटाचं दार वाजलं. काकूंनी काकांचा लोकरी गळपट्टा काढून बॅगेत टाकला. म्हणजे आपणही जाणार, हे काकांना तेव्हा कळलं. कुणी विचारलं नव्हतं.

ते वळले. काकूंनी आपल्याकडे पाहीपर्यंत थांबले. "ती हसण्यासारखं काय म्हणाली गं मधे? माझ्याबद्दल होतं ना?"

"होतं," काकू म्हणाल्या आणि बॅगेची चेन ओढायला वाकल्या. "ते मी गाळते."